पाचवी गोष्ट

त्याचं नाव मी सांगणार नाही. नाव, हुद्दा, नंबर, सगळं मला पाठ आहे, तरी नाही सांगणार. युद्धकैद्याला लोकांपुढे मिरवायचं नाही असा जिनिव्हा कराराचा नियम आहे, आणि तो मला कर्नल उज्ज्वला बनसोडेंनी शिकवला. तो मिलिटरीचा ट्रक चालवायचा, म्हणून मी त्याला ड्रायव्हर म्हणेन. तो पलीकडचा होता. पलीकडचे म्हणजे कोण, हे तुम्हाला मी सांगायला नको.

कवठे महांकाळच्या अलीकडच्या माळावर, पवनचक्क्यांच्या रांगेखाली, एक इंजिनियरिंग कॉलेज बंद पडलेलं होतं. कुणा शिक्षणमहर्षीनं काढलं, पोरांच्या फिया खिशात घातल्या आणि गुंडाळलं. युद्ध सुरू झालं तेव्हा त्या इमारतीचा पहिल्यांदाच कुणालातरी उपयोग झाला. कैद्यांना लढाईपासून लांब ठेवायचं असतं, म्हणून जखमी कैद्यांचं इस्पितळ तिथं आलं. वर्कशॉपचा वॉर्ड झाला, कँटीनमध्ये भटारखाना आणि प्रिन्सिपॉलच्या खोलीत कर्नल. बाई पन्नाशीच्या, केस बारीक कापलेले, तोंडात सदा बडीशेप. मूळच्या बार्शीच्या. सगळे त्यांना नुसतं मॅडम म्हणायचे.

मी रोहिणी मगदूम. मिरजेला मेंदूच्या वॉर्डात टेक्निशियन आहे, मेंदूतल्या लाटा वाचणारी टोपी चालवते. ड्रायव्हरचा ट्रक पेटला होता. जबडा मोडून तारांनी बांधलेला, दोन्ही हात कोपरापर्यंत पट्ट्यांत. बोलता येत नाही, लिहिता येत नाही. त्याला तहान लागलीय का दुखतंय हे कळायला टोपी हवी होती, आणि टोपीबरोबर मी.

पहिल्याच दिवशी मॅडमनी मला भटारखान्यात नेलं. भिंतीवर करारातली कलमं कैद्यांच्या लिपीत छापून लावली होती. मला त्यातलं अक्षर कळेना.

"कैद्यांना वाचता येईल अशा जागी हे लावायचंच असतं," मॅडम म्हणाल्या. "तुला एकच कलम सांगते. कैद्यानं चार गोष्टी सांगायच्या. नाव, हुद्दा, जन्मतारीख, नंबर. पाचवी गोष्ट त्याची स्वतःची. कळलं?"

"कळलं."

"बरं. आता त्याला कण्या पातळ करून द्यायला सांग. कालच्या घट्ट होत्या, नळीत अडकल्या."

मी मान डोलावली. पण आत माझं रक्त खवळलेलं होतं, ते का ते सांगते. माझा धाकटा भाऊ दिगू, म्हणजे नाईक दिग्विजय मगदूम, त्याच आघाडीवर बेपत्ता होता. त्याची चौकी पडली. मढी मिळाली त्यात तो नव्हता. पलीकडचे म्हणत होते, आमच्याकडे कुणी कैदी नाहीत. आणि आमच्या गावात स्टँडवर 'अमर रहे'चा फ्लेक्ससुद्धा लागला होता. त्यावर दिगू पासपोर्टाएवढा आणि लावणारा पुढारी पुरुषभर. आई त्या रस्त्यानं जायचीच बंद झाली. दळण आणायला मळ्यातून फेरा घालून जायची. आणि मी इथं त्यांच्या माणसाच्या कण्या पातळ करत होते.

आता टोपीचं सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही.

लग्नघरात दाराशी चपलांचा ढीग पडलेला असतो. तुमची नजर त्यावरून नुसती फिरते आणि स्वतःच्या चपलेवर थबकते. तुम्ही ठरवून थबकत नाही. ओळखीचं काही डोळ्यांपुढे आलं की मेंदूत एक लाट उठते, सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात. तुम्ही हो म्हणायच्या आधी, नाही म्हणायच्याही आधी. ही लाट शास्त्रज्ञांना कधीची माहीत होती, पण पकडायला तेच चित्र पुन्हा पुन्हा दाखवावं लागायचं, कारण डोक्यात बाकीचा गलबला फार. नव्या टोपीचे तंतू केसांतून थेट कातडीला टेकतात आणि तिचं गणित इतकं तयार आहे की एकदा चित्र दाखवलं की पुरे. जे हवंय त्याची लाट वेगळी, जे ओळखीचं आहे त्याची वेगळी. पाण्याच्या तांब्यावर हवेपणाची लाट उठली की पेशंटला पाणी द्यायचं. पक्षाघातानं वाचा गेलेली माणसं आम्ही या टोपीनं बोलती केली.

कंपनीनं टोपीबरोबर चित्रं दिली होती ती परदेशी. पावाचे काप, गोरापान भाऊ, निळ्या डोळ्यांची आई. आमच्या पेशंटांना त्यातलं काही आपलं वाटेना, लाटा उठेनात. मग वॉर्डातल्या आम्हीच फोटो काढले. पाण्याला स्टीलचा तांब्या, थंडीला वाकळ. आईचा चेहरा हवा होता, तर माने सिस्टरांच्या आईचा घातला. भावाचा हवा होता, तर मी दिगूचा दिला. मोटरसायकलला टेकून दात काढून हसतोय असा. तेव्हा तो भरतीसुद्धा झाला नव्हता. वर्षानुवर्षं तो फोटो टोपीत होता. तीच टोपी मी पेटीत घालून कँपवर आणली, आणि त्यातून काही काढावं हे माझ्या डोक्यात आलं नाही.

टोपी घालताना पेशंटचे केस विंचरून भांग पाडावे लागतात. ड्रायव्हरला एकदा दाखवलं तर दुसऱ्या दिवसापासून मी कंगवा हातात घेतला की तो आपण होऊन मान खाली घालायचा. दाट, राठ केस. टाळूवर जुनी खोक होती.

पहिले काही दिवस नुसती तांब्या, वाकळ असली चित्रंच दाखवली. चेहरे लावायचे तर आधी शून्य धरावा लागतो. म्हणजे त्याला सगळे अनोळखी चेहरे दाखवायचे आणि लाट नसताना त्याचा मेंदू कसा असतो ते यंत्राला शिकवायचं. माने सिस्टरांची आई, सपाट. आमचा वॉचमन, सपाट. दिगू आला आणि पडद्यावर रेघ ताडकन उभी राहिली.

तंतू सैल झाला असेल म्हणून मी तो दाबून बसवला. पुन्हा सगळे चेहरे. पुन्हा दिगू. पुन्हा रेघ उभी.

मी ड्रायव्हरकडे बघितलं. तो छताकडे बघत होता आणि तारांतून श्वास घेत होता. त्यानं काहीही सांगितलं नव्हतं आणि मला सगळं कळलं होतं. यानं माझ्या भावाला बघितलंय.

टोपी काढून ठेवली आणि मी तशीच मॅडमच्या खोलीत घुसले. तिथं कर्णिक बसला होता. डॉक्टर ऋत्विज कर्णिक, राजधानीतून आलेला सल्लागार. वय लहान, बूट महाग. कसला सल्ला द्यायला आलाय ते कुणाला नीट ठाऊक नव्हतं. मी एका दमात सगळं सांगितलं.

कर्णिक खुर्चीतून उठलाच. "मॅडम, हा ट्रक ड्रायव्हर आहे. यानंच नेलं असणार आपल्या पोरांना. नकाशा दाखवू. अर्धा इकडे, अर्धा तिकडे. लाट उठेल तो अर्धा धरायचा, त्याचे परत दोन तुकडे. मग रस्त्यांचे फोटो. दुपारपर्यंत पोरं ठेवलेली इमारत सापडेल."

"नाही," मॅडम म्हणाल्या.

"त्याला दुखणार नाही. टोचणार नाही. आवाजसुद्धा चढवायचा नाही आपण. करारात बळजबरीला बंदी आहे. यात बळजबरी कुठाय?"

"त्याला नाही म्हणायची सोय आहे का यात?"

"तो प्रश्नच येत नाही ना. त्याला काही विचारतच नाही आपण."

"तीच बळजबरी. माणसाला नाही म्हणताच येणार नाही अशी सोय करायची आणि वर म्हणायचं, बघा, तो नाही म्हणाला नाही. टोपी इथं औषध म्हणून आलीय. पाणी, दुखणं, थंडी. त्यापलीकडे एक चित्र जायचं नाही."

"पलीकडचे आपल्या पोरांचं काय करत असतील, विचार केलाय?"

"रोज करते. तिथला कमांडंट मी नाही. इथली आहे."

मग मी तोंड उघडलं. मी मागितलं, आणि मागितल्याची मला लाज नाही. भाऊ होता माझा. "मॅडम, फक्त एवढं एक. कुठं आहे एवढंच. तुमचा भाऊ असता तर?"

त्यांनी बडीशेपची डबी बाजूला सारली. "माझा असता तर मी या खुर्चीवरून उठले असते आणि दुसऱ्याला बसवलं असतं. त्या दुसऱ्यानं मला नाहीच म्हटलं असतं अशी माझी आशा आहे. मी त्याला शिव्या घातल्या असत्या. तूही घाल. पण बाहेर जाऊन."

मी बाहेर गेले आणि घातल्या. पवनचक्कीच्या खांबाला ऐकवल्या. त्या बाईला आमच्या आईसमोर उभी करायला पाहिजे, असं काय काय बोलले.

दुपारी राजधानीतून फोन आला. मी दाराबाहेरच होते. मॅडमचा आवाज ऐकू येत होता, चढलेला नव्हता. "हो सर. समजलं सर. लेखी पाठवा. नाही सर, तोंडी नाही. तुमच्या सहीनं पाठवा, मी फाइलला लावते आणि माझा नकार खाली लिहिते." थोड्या वेळानं परत फोन, परत तेच. लेखी काही आलं नाही. येणार नव्हतंच. नियम मोडायला सगळे तयार असतात, खाली सही करायला कुणी नाही. आमच्या कारभाराची ही रीत मी आयुष्यभर शिव्या देत बघितलीय. त्या दिवशी एका बाईनं तीच रीत ढाल करून वापरली.

आणि मग त्यांनी जे केलं ते मला वेडेपणाच वाटला. दुभाष्या हवालदाराला घेऊन त्या वॉर्डात आल्या, ड्रायव्हरच्या खाटेशी स्टूल ओढून बसल्या आणि त्याला सगळं खरं सांगून टाकलं.

"आमच्या यंत्राला न विचारता एक गोष्ट कळली. तू एक चेहरा ओळखलास. ते जाणून घ्यायचा आम्हाला हक्क नव्हता. ती नोंद मी पुसायला लावलीय. यापुढं टोपी नको असेल तर सांग. टोपीशिवायही आम्ही तुझं सगळं करू, फक्त वेळ लागेल. टोपी घालू का? डोळे एकदा मिटले तर हो. दोनदा मिटले तर नाही."

हवालदारानं त्याच्या भाषेत सांगितलं. ड्रायव्हर मॅडमकडे बघत राहिला. एवढा घाबरलेला माणूस मी बघितला नव्हता, जळून आला तेव्हाही तो असा नव्हता. त्यानं सावकाश दोनदा डोळे मिटले. टोपी नको.

झालं, मला वाटलं. एकच किल्ली होती, ती बाईनं विहिरीत टाकली.

दुसऱ्या दिवशी कर्णिकनं मला भटारखान्यामागं गाठलं. हळू आवाजात, अगदी घरातल्यासारखं बोलला. "रोहिणीताई, उद्या त्याचं ड्रेसिंग आहे. गुंगी देणार. गुंगीत डोळे मिटलेले असले तरी कान चालू असतात. गावांची नावं कानात सोडली तरी लाट उठते. मदतीला खोलीत तुम्हीच असता." त्यानं माझ्या हातात गावांची नावं भरलेली एक छोटी चकती ठेवली. "मॅडमना कळायचं कारण नाही. त्यालाही नाही."

मी चकती घेतली.

ड्रेसिंग झालं, डॉक्टर हात धुवायला गेले. खोलीत मी, ड्रायव्हर आणि खुंटीवरची टोपी. मॅडमनी टोपी कुलपात ठेवली नव्हती. मला ड्युटीवरून काढलं नव्हतं. माझ्यावर कुणी पहारा बसवला नव्हता. सकाळी वऱ्हांड्यात दिसल्या तर एवढंच म्हणाल्या होत्या, "आज त्याच्या डाव्या हाताचं ड्रेसिंग आहे ना? हळू कर, तो फार जळलाय." याचा मला सगळ्यात जास्त राग आला होता. संशय घेतला असता तर सोपं गेलं असतं.

मी टोपी काढली. कंगवा घेतला. चकती एप्रनच्या खिशात होती. दिगूचं हसणं डोळ्यांपुढे होतं आणि मळ्यातून फेरा घालून दळण आणणारी आई होती. मी ड्रायव्हरच्या उशाशी गेले आणि केसांना कंगवा लावला.

आणि त्यानं गुंगीतच, डोळे न उघडता, मान खाली घातली.

सवय लागलेली ना. मीच लावलेली. कंगवा लागला की बाई पाणी देणार, दुखणं थांबवणार, एवढंच त्याच्या अंगाला ठाऊक होतं. मग टोपी खुंटीला अडकवली, चकती नेऊन मॅडमच्या टेबलावर ठेवली आणि म्हटलं, "कर्णिक साहेबांची राहिलीय."

त्यांनी चकतीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "बस," म्हणाल्या.

"बसत नाही. मला त्याला विचारायचंय. टोपी न घालता. बहीण म्हणून."

"विचारायला बंदी नाही. त्यानं उत्तर दिलं नाही तर दुसऱ्यांदा विचारायचं नाही. चेहरा वाकडा करायचा नाही. कण्या घट्ट करायच्या नाहीत."

मला हसू आलं. कसं आलं देव जाणे.

संध्याकाळी तो पुरता जागा झाला. मी हवालदाराला बरोबर घेतलं आणि फोनवर दिगूचा तोच फोटो त्याच्यापुढे धरला. "हा माझा भाऊ. धाकटा. आई वाट बघतीय. जिवंत आहे का, एवढंच. नाही सांगितलंस तरी चालेल." शेवटचं वाक्य म्हणताना माझा जीव गेला, पण म्हटलं.

हवालदाराचं बोलून झालं. ड्रायव्हरनं फोटो बघितला, मग मला बघितलं, नाक, कपाळ, हनुवटी, जसं काही जुळवून बघत होता. बाहेर पवनचक्कीचं पातं घुमत होतं.

त्यानं डोळे मिटले. एकदा. आणि उघडून ताणून धरले, दुसऱ्यांदा चुकून मिटायला नकोत म्हणून.

'कुठं?' माझ्या ओठांवर होतं. गिळलं. ती त्याच्या देशाची गोष्ट होती. माझी होती तेवढी त्यानं दिली होती. स्वतः दिली होती. मी आईला फोन लावला आणि म्हटलं, "फ्लेक्स उतरवायला सांग त्या नालायकाला."

कर्णिक त्या आठवड्यात परत गेला. पुढं त्याला बढती मिळाली असं ऐकलं. मॅडमना मिळाली नाही.

फार जखमी झालेल्या कैद्याला लढाई चालू असतानाही परत पाठवायचं असतं, तेही करारात आहे. पट्ट्या सुटल्यावर ड्रायव्हरची पाळी आली. एका तिऱ्हाईत देशाचे डॉक्टर मध्ये होते. विमानतळावर त्यांची टेबलं, एका बाजूला आम्ही, दुसऱ्या बाजूला त्याचे अधिकारी, गणवेशात, घड्याळाकडे बघत. मी औषधांची पिशवी देत होते. त्यानं आखडलेल्या बोटांनी माझ्या फोनकडे खूण केली.

मी फोटो उघडून दिला. त्यानं फोन तिऱ्हाईत डॉक्टरापुढे ठेवला आणि दिगूच्या चेहऱ्यावर बोट टेकवलं. मग दोन्ही हातांची बोटं पसरून वर धरली. इतके आहेत. आणि त्याच हातानं आपल्या अधिकाऱ्यांकडे दाखवलं. त्यांच्यापाशी.

त्याच्या अधिकाऱ्यांचे चेहरे मी बघितले. मला त्याची भीती वाटली. त्यालाही वाटत असणार. आमच्याकडे कुणी कैदीच नाहीत, हे त्या टेबलावर त्या क्षणी खोटं पडलं. कुठल्याही टोपीनं पाडलेलं नव्हतं. एका माणसानं, नाही म्हणायची पूर्ण मुभा असताना, स्वतःच्या बोटानं पाडलं होतं.

कैद्यानं कमांडंटला सलाम करायचा असतो, मग कमांडंटनं घ्यायचा. त्या दिवशी मॅडमनी आधी केला. कडक, एकही बोट न हलवता. त्यानं वाकडा हात कपाळाला लावला आणि गेला. पुढं त्याचं काय झालं मला माहीत नाही. तपास केला, लागला नाही. म्हणूनही नाव सांगत नाही.

युद्ध थांबल्यावर दिगू आला, त्याच्याबरोबरची पोरंही आली. अंगावर एक ओरखडा नव्हता. गावानं हलगी लावली, पुढाऱ्यानं नवा फ्लेक्स लावला. दिगू घरात शिरला तो कोपऱ्यात बसला. खायला दिलं तर खायचा. बोलायचा नाही. डोक्याला कुणाला हात लावू देईना. आई तेल लावायला गेली तर हिसका देऊन उठला. मिलिटरीतला पोरगा, केस खांद्यावर आले. न्हाव्याचं नाव काढलं की थरथरायचा.

एका सकाळी मी परसात भांडी घासत होते, तो चौकटीत येऊन बसला.

"आक्का, दुखलं नाही गं."

मी भांडी खाली ठेवली.

"एक टोचणी नाही. चहा दिला, बिस्किट दिलं. टोपी घातली आणि खिंडींचे फोटो दाखवले. मी गप बसलो. शेवटपर्यंत गप बसलो. आणि दुसऱ्या दिवशी आमच्या रसदीच्या वाटेवर बाँब पडले, बरोबर तिथंच." तो जमिनीकडे बघत होता. "मारून बोलायला लावलं असतं तर म्हटलं असतं, मारलं म्हणून बोललो. मी बोललोच नाही आणि सगळं सांगून बसलो. आता माझ्या डोक्यात काही असलं की वाटतं, हे माझं नाहीच."

मग म्हणाला, "तू त्यांच्यातल्या एकाला टोपी घालायचीस म्हणे."

"हो. तो तुझ्या फोटोवर बोट ठेवून गेला तो."

"नकाशे दाखवले?"

"नाही. पाणी, दुखणं, थंडी. त्यानं नको म्हटल्यावर तेही नाही."

"कुणालाच नाही?"

"कुणालाच नाही. बाईनं दाखवू दिले नाहीत."

"तू मागितले असशील."

"मागितले की. भांडले. शिव्या घातल्या तिला."

"आणि तिनं ऐकलं नाही?"

"अजिबात नाही."

तो हसला. मोटरसायकलवरचं नव्हे, अर्धंच, पण हसला. "बरं झालं बाईनं तुझं ऐकलं नाही. तू लई हट्टी."

उन्हं परसात आली होती. त्यानं मानेवरचे केस मुठीत धरून बघितले.

"न्हावी नको," म्हणाला. "तू काप."

मी हात पुसले, आतून कात्री आणि कंगवा आणला, त्याच्या मागं पाट टाकून बसले आणि थांबले.

"लावू का हात?" मी विचारलं.

"थांब जरा."

मी थांबले. परसातली कोंबडी भांड्यातलं खरकटं टिपून गेली. तेवढ्यात त्यानं एक श्वास सोडला आणि मान खाली घातली.